नव्या वार्ताहराचा पगार कोण देतो?

अमेरिकेतील मूलनिवासींच्या एखाद्या वृत्तसंस्थेत नवा वार्ताहर रुजू झाला की त्याच्या परिचयात त्याची जमात आवर्जून सांगितली जाते: अमुक नेशनचा नागरिक. तो नवाहो असेल तर अनेकदा चार कुळेही सांगतो: आईचे, वडिलांचे, आईच्या वडिलांचे आणि वडिलांच्या वडिलांचे. बाहेरच्या माणसाला हा नुसता शिष्टाचार वाटेल. पण बातमीदारीत त्याचा आणखी एक उपयोग होतो. कोणाच्या भानगडीत लिहिणाऱ्याचे नाते गुंतले आहे, हे वाचकाला आधीच कळते.

नाते उघड करता येते, पगाराचे काय? बहुतेक जमातींची वृत्तपत्रे जमातीच्या सरकारच्या पैशावर चालतात. म्हणजे ज्या मंडळाच्या कारभाराची बातमी द्यायची, तेच मंडळ अंदाजपत्रक मंजूर करणार. कायद्याचा आधारही लंगडा आहे. जमातींच्या सरकारांना अमेरिकी घटनेच्या मर्यादा थेट लागू होत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६च्या निकालापासून चालत आले आहे. १९६८च्या कायद्याने त्या सरकारांवर वृत्तपत्रस्वातंत्र्याचे बंधन घातले खरे. पण १९७८च्या निकालानंतर बेकायदा अटकेचा अपवाद सोडला तर त्यासाठी संघीय न्यायालयात जाता येत नाही. दाद मागायची ती जमातीच्याच न्यायालयात. जमातींची स्वायत्तता मोठ्या कष्टाने टिकलेली आहे आणि ती कोणी काढून घ्यावी असे मी म्हणणार नाही. तरी तिची किंमत पुष्कळदा वार्ताहर मोजतो.

ओक्लाहोमातील मस्कोगी नेशनने २०१५ साली वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा केला. २०१८च्या नोव्हेंबरात मंडळाने तोच सात विरुद्ध सहा मतांनी रद्द केला आणि 'मस्कोकी मीडिया' कार्यकारी सत्तेच्या हाताखाली गेली. एका मताने मालक बदलला! पुढे २०२१ साली नागरिकांनीच मतदान करून हे स्वातंत्र्य आपल्या घटनेत घातले. मंडळाला आता ते सहजासहजी मोडता येणार नाही.

दुखणे जुने आहे. 'चेरोकी फिनिक्स' हे मूलनिवासींचे पहिले वृत्तपत्र १८२८ साली जॉर्जियात निघाले, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. (आपले द्विभाषिक 'दर्पण' १८३२चे.) स्थलांतराच्या प्रश्नावर दोन्ही बाजू छापू द्यायला प्रमुख जॉन रॉस यांनी नकार दिला, तेव्हा संपादक एलियास बूडिनो यांनी १८३२ साली राजीनामा दिला.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग टिम जिआगो यांनी काढला. १९८१ साली साउथ डाकोटातील पाइन रिज वसाहतीत त्यांनी जमातीच्या मंडळाचा एक पैसाही न घेता 'लकोटा टाइम्स' सुरू केला. कार्यालयाच्या काचा गोळ्यांनी फुटल्या, पण पत्र चालले. १९९२ साली त्याचे नाव 'इंडियन कंट्री टुडे' झाले आणि १९९८ साली ते न्यूयॉर्कच्या ओनायडा नेशनच्या मालकीचे झाले. २०१७ साली मालकाने हात आखडता घेताच प्रकाशन थांबले. मग ते मूलनिवासींच्या राष्ट्रीय परिषदेला देण्यात आले आणि २०१८ साली मार्क ट्राहंट यांच्या संपादनाखाली पुन्हा उभे राहिले. २०२१ साली परिषदेपासूनही वेगळे होऊन ते एका ना-नफा संस्थेकडे गेले. आज त्याचे नाव 'आयसीटी' आहे.

अशा स्वतंत्र संस्थेत येणाऱ्याला मंडळाची भीती उरत नाही, पण मुदतीची उरते. पैसा येतो तो न्यासांकडून, देणगीदारांकडून, वाचकांकडून. 'रिपोर्ट फॉर अमेरिका' ही योजना तरुण वार्ताहर स्थानिक वृत्तसंस्थांत पाठवते. त्यांत मूलनिवासींच्या काही संस्थाही आहेत. पहिल्या वर्षी पगाराचा साधारण अर्धा वाटा ती उचलते, नंतर तो कमी होत जातो. तोवर नव्या वार्ताहराला गावोगावची माणसे ओळखू लागलेली असतात, आणि संपादक त्याच खुर्चीसाठी पुढच्या अनुदानाचा अर्ज लिहीत असतो.