क्लच न दाबता गिअर : पायात जोर नको, नेमकेपणा हवा

रुक्मिणीचे माहेर असलेले कौंडण्यपूर अमरावतीपासून साधारण चाळीस किलोमीटरवर आहे. श्रीकृष्णाचा रथ रुक्मिणीला घेऊन इथूनच भरधाव निघाला, अशी श्रद्धा आहे. आता कुऱ्ह्यावरून येणाऱ्या या रस्त्यावर स्पोर्ट्स बाइकही धावतात. त्यांतल्या काही बाइकवर क्लच न दाबता गिअर बदलता येतो. ही करामत ‘क्विकशिफ्टर’ची. रेसच्या मैदानातले हे तंत्र आता घरच्या अंगणात आले आहे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ते २०२० साली आले, तर यामाहाच्या आर१५ च्या काही प्रकारांत २०२१ साली. सोय आली, पण ती वापरायची कशी हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मग गिअर बदलताना बाइक हिसका देते, मागे बसलेल्याची मान झटकते आणि दोष यंत्राला दिला जातो.

आत काय घडते?

बाइकच्या गिअरबॉक्समधली चाके कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. त्यांतली नेमकी कोणती जोडी जोर पुढे नेणार, हे चाकांच्या बाजूला असलेले जाड दाते ठरवतात. या दात्यांना ‘डॉग’ म्हणतात. इंजिन ओढत असते तेव्हा हे दाते एकमेकांना घट्ट धरून बसतात. बैलाने ओढ धरली की दाव्याची गाठ सुटत नाही. तो पाऊलभर मागे सरकला की लगेच ढिली होते. दात्यांचेही तसेच आहे. क्लच दाबला की इंजिनाची ओढ तुटते आणि दाते सुटतात.

क्विकशिफ्टर हेच काम क्लचविना करतो. गिअरच्या दांडीवर पायाचा दाब आला की सेन्सर इंजिनाच्या संगणकाला इशारा देतो. संगणक साधारण ५० ते १०० मिलिसेकंद ठिणगी किंवा इंधन तोडतो. पापणी लवायला बहुधा याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात ओढ सुटते, दाते मोकळे होतात आणि पुढचा गिअर बसतो. म्हणजे यंत्र फक्त एक छोटीशी संधी देते. त्या संधीत गिअर पूर्ण बसवायचे काम पायाचेच.

वरचा गिअर टाकताना

बहुतेक जण इथेच चुकतात. जुन्या सवयीने गिअर टाकताना मनगट थ्रॉटल सोडून देते. पण क्विकशिफ्टरला इंजिन ओढत असलेले हवे असते. म्हणून थ्रॉटल उघडा आहे तिथेच स्थिर ठेवावा, इंजिनाचे फेरे मध्यम किंवा त्याहून वर असू द्यावेत. पायाचा अंगठा दांडीखाली नेऊन एकाच ठाम हालचालीत ती शेवटपर्यंत उचलावी आणि लगेच सोडावी. लाथ मारायची नाही आणि चाचपडायचेही नाही.

दांडीवर पाय टेकवून ठेवणे ही आणखी एक खोड. त्या हलक्या दाबाने सेन्सर गोंधळतो आणि पाय गिअर टाकायच्या आधीच ओढ तुटते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये न्यूट्रल लागतो, त्यामुळे तिथला दाब जरा अधिक ठाम हवा. धक्का जाणवत असेल तर त्या एका बदलासाठी खुशाल क्लच वापरावा. चप्पल घालून हे नीट जमत नाही. बूट घालूनच बसावे आणि दांडीची उंची त्या बुटाला जुळवून घ्यावी. साखळी सैल असेल तर उत्तम क्विकशिफ्टरही हिसका देतो.

खालचा गिअर टाकताना

प्रत्येक बाइकवर ही सोय दोन्ही बाजूंनी नसते. आर१५ मध्ये ती फक्त वरच्या गिअरसाठी आहे. खाली येताना क्लच लागतोच. दोन्ही बाजूंची सोय असलेल्या बाइकवर संगणक खालचा गिअर पडताना थ्रॉटल स्वतः क्षणभर उघडून इंजिनाचे फेरे जुळवतो. त्यामुळे चालकाने थ्रॉटल पूर्ण बंद ठेवावा आणि एका वेळी एकच गिअर उतरावा. नेमके काय चालते, हे बाइकसोबत आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते.

मान आणि मनगट

गिअर केव्हा पडणार हे चालकाच्या मेंदूला आधीच ठाऊक असते, म्हणून त्याच्या मानेचे स्नायू सावध असतात. मागे बसलेल्याला अशी वर्दी मिळत नाही. वेग एकदम तुटतो आणि जोडला जातो, तेव्हा त्याचे डोके आधी पुढे व मग मागे जाते; हेल्मेटवर हेल्मेट आपटते. मागे बायको किंवा वडील बसले असतील, तर क्लच वापरून सावकाश गिअर टाकणे केव्हाही बरे.

क्विकशिफ्टर असला की मनगट दुखणार नाही, असाही एक समज आहे. मनगटाला खरा त्रास होतो तो राजकमल चौकासारख्या गर्दीत, वारंवार क्लच दाबून. तिथे वेग आणि फेरे दोन्ही कमी असतात, त्यामुळे क्लचला पर्याय नाही. मनगट किंवा बोटे बधिर होत असतील, तर उत्तर नव्या बाइकमध्ये शोधू नये, डॉक्टरांना दाखवावे.

खरा धोका कुठे?

पायाचा दाब अर्धवट राहिला तर बाइक दोन गिअरच्या मध्ये अडकते. इंजिन गुरगुरते, पण चाकाला ओढही मिळत नाही आणि रोधही. ताशी ८० किलोमीटर वेगाने बाइक सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. वळणाआधी दोन सेकंद गोंधळात गेली, तर ४४ मीटर रस्ता इंजिनाच्या रोधाविना सरलेला असतो. पुढे कापसाची गाडी किंवा शेतातून निघालेला ट्रॅक्टर असेल, तर हे अंतर फार मोठे ठरते. अशा वेळी थ्रॉटल बंद करून ब्रेकवर ताबा ठेवावा, क्लच दाबून शक्यतो वरचा गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. बाइक वळणात झुकलेली असताना, किंवा पावसाळ्यात रस्त्यावर शेतातला चिखल आलेला असताना गिअर बदलू नये. एरवी किरकोळ वाटणारा हिसकाही तिथे मागचे चाक घसरवू शकतो. गिअरचे काम वळणाआधी, सरळ रस्त्यावरच उरकावे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. क्विकशिफ्टरने वाचणारा अर्धा सेकंद रेसच्या मैदानात मोलाचा. कौंडण्यपूरच्या रस्त्यावर त्याने कोणी लक्षात येण्याइतके लवकर पोहोचत नाही. इथे त्याचा खरा उपयोग प्रवास गुळगुळीत करण्याचा. मागे बसलेल्याला गिअर कधी बदलला हे कळलेच नाही, तर पाय आणि मनगट बरोबर बसले असे समजावे.