न खेळलेली अंतिम फेरी

जोहान्सबर्गच्या जी-20 परिषदेवर अमेरिकेने बहिष्कार टाकला. तिथल्या गोऱ्या आफ्रिकानरांचा छळ होतो, हा ट्रम्प यांचा आरोप. दक्षिण आफ्रिकेवरच्या बहिष्काराची गोष्ट निघालीच आहे, तर ती सुरुवातीपासून सांगायला हवी. कारण ती सुरुवात भारताची आहे.

1946 साली दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स यांच्या सरकारने तिथल्या भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधनं घालणारा कायदा केला. जुलैत भारताने व्यापार तोडला. आपल्या निर्यातीतला 5.5 टक्के माल त्या देशात जात होता आणि आपण अजून स्वतंत्रही नव्हतो! डिसेंबरात या कायद्याविरुद्ध भारतातर्फे विजयालक्ष्मी पंडित संयुक्त राष्ट्रांत उभ्या राहिल्या. ‘हा आमचा अंतर्गत मामला’, असं स्मट्स म्हणत राहिले. तरी भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीचा ठराव 32 विरुद्ध 15 मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या अगदी काठावर मंजूर झाला. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात होते. तेव्हाचं भांडण आपल्या माणसांपुरतं होतं, हेही मान्य करायला हवं. वर्णभेदाचा अख्खा प्रश्न आपण आणखी बारा देशांसह मांडला, तो 1952 मध्ये.

पण मला या धोरणाचा खरा कस दिसतो तो टेनिसमध्ये. 1974 साली भारताने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला हरवलं. सप्टेंबरात पुण्यात सोव्हिएत संघाला 3-1 असं नमवून आपण डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचलो. विजय अमृतराज अवघ्या विशीत, जोडीला थोरला भाऊ आनंद. समोर दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायला नकार दिला आणि एकही चेंडू न टोलवता चषक त्यांच्याकडे गेला.

खेळात राजकारण नको, असं तेव्हाही म्हटलं गेलं. मात्र ज्या देशात माणसाने कुठल्या बाकावर बसायचं हेही कातडीवरून ठरत होतं, तिथे राजकारण मैदानात आधीच उतरलेलं होतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष रेगन निर्बंधांऐवजी चर्चेने बदल घडवण्याच्या बाजूने होते. 1986 मध्ये त्यांच्याच संसदेने त्यांचा नकाराधिकार धुडकावून निर्बंध लादले. आपण चाळीस वर्षं आधी तिथे पोहोचलो होतो.

बहिष्कार उठल्यावर, 1991 च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ जगात परतला, तो थेट कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. भरलेल्या स्टेडियमने त्यांचं स्वागत केलं.

धोरण तत्त्वाचं की सोयीचं, हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: त्यात आपलं काय गेलं? डेव्हिस चषक भारताने आजवर जिंकलेला नाही. 1974 मध्ये तो हाताशी होता. त्या चार-पाच खेळाडूंनी देशाच्या शब्दासाठी तो सोडला, आणि त्यांचे आभार आपण अजून नीट मानलेले नाहीत.