मूल खेळायला लागले म्हणून रक्ताच्या कॅन्सरचे औषध थांबवू नका



या पानावर छाटणी, फवारणी, ठिबक, कांदाचाळ अशा विषयांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण तो मला सापडला द्राक्षबागेतच.

दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात ऑक्टोबर छाटणीच्या आधी बाग बघायला गेलो होतो. ओट्यावर एक आजी सदाफुलीची पाने निवडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, तुम्ही झाडापानांतले माणूस. ही सदाफुली रक्ताच्या कॅन्सरवर चालते म्हणतात लोकं. नातवाला काढा करून देऊ का?" नातू पाच वर्षांचा. मुंबईला औषधोपचार सुरू होऊन आठ-नऊ महिने झालेले. अंगणात तो टायर पळवत होता. त्याचे वडील म्हणाले, "पोरगं आता चांगलं खेळतंय, डोक्यावर केसही आलेत. छाटणी तोंडावर आली. मुंबईच्या वाऱ्या आता बंद कराव्यात म्हणतो."

मी डॉक्टर नाही. कृषी पदविका घेतलेला, बांधावर फिरणारा माणूस. पण या दोन्ही गोष्टी मला खटकल्या. डॉक्टरांना विचारले, वाचले आणि जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

सदाफुलीत औषध आहे, काढ्यात नाही

आजींचे ऐकलेले अर्धे खरे होते. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर लोक सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. १९५० च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बियर या संशोधकांनी त्या पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये नेमक्या पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. या धाग्यावरून पुढे सदाफुलीतून 'व्हिन्क्रिस्टीन' हे औषध निघाले. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. आजही जगभर मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ते वापरले जाते. आपल्या दारातली सदाफुली ती हीच.

मात्र थोडेसे औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. ते शुद्ध करून, मुलाच्या अंगमानाप्रमाणे मोजून फक्त शिरेतून दिले जाते. ही वनस्पती विषारी आहे. काढ्यात कोणते द्रव्य किती उतरले ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा घरी काढा करून मुलाला अजिबात देऊ नये.

पालकाच्या पानापासून निघालेली वाट

दुसऱ्या एका औषधाची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. ल्युसी विल्स या इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये भारतात आल्या. कापड गिरण्यांतल्या गरोदर बायांना होणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनी मुंबईत अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुण कशाचा, ते नंतर कळले. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकावर प्रक्रिया करून ते द्रव्य वेगळे काढले आणि पानावरून त्याला 'फॉलिक ॲसिड' नाव दिले. आशाताई आणि नर्सबाई गरोदर मातांना लोहाबरोबर ज्या गोळ्या देतात त्यात हेच असते.

नवीन रक्तपेशी घडायला फॉलिक ॲसिड लागते. म्हणून बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना ते देऊन पाहिले. झाले उलटेच, आजार अधिक वेगाने वाढला. खताचा डोस दिला आणि पिकाऐवजी तणच फोफावले, तसा प्रकार. फार्बर यांनी मग उलटा विचार केला. फॉलिक ॲसिडसारखे दिसणारे, पण पेशीला उपाशी ठेवणारे द्रव्य त्यांनी मागवले. ते बनवले होते आंध्रातल्या भीमावरमचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल दिला. त्यांतली १० मुले सुधारली होती. त्याच घराण्यातली 'मेथोट्रेक्सेट' ही गोळी आज मुलांना दिली जाते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट घ्या. उपचार चालू असलेल्या मुलाला 'रक्त वाढावे' म्हणून दुकानातून टॉनिक आणून देऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर मातांनी मात्र आपल्या गोळ्या नियमित घ्याव्यात.

लव्हाळा आणि लाख कोटी पेशी

फार्बर यांची मुले सुधारली खरी, पण काही महिन्यांत आजार परत आला. का, ते शेतकऱ्याला लगेच समजेल. लव्हाळा वरून खुरपला की रान स्वच्छ दिसते. जमिनीतल्या गाठी मात्र तशाच असतात. पाऊस पडला की पुन्हा हिरवेगार.

मुलाचा आजार उघडकीस येतो तेव्हा अंगात सुमारे एक लाख कोटी कॅन्सरच्या पेशी असतात. पहिल्या महिनाभराच्या औषधाने त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेनाशा होतात. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. आपल्याला वाटते, बरे झाले. पण दिसत नसल्या तरी कोट्यवधी पेशी दबा धरून असू शकतात.

हे ओळखून अमेरिकेतील मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी १९६० च्या दशकात वेगळी पद्धत बसवली. एकाऐवजी अनेक औषधे दिली, मेंदूभोवती लपणाऱ्या पेशींवर वेगळा उपचार केला आणि औषध दोन-तीन वर्षे चालू ठेवले. दशकाच्या अखेरीस जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत दहापैकी नऊ मुले वाचतात.

आपल्याकडे १९४१ पासून मुंबईत चालू असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने, चेन्नई आणि दिल्लीच्या केंद्रांबरोबर, १९८० च्या दशकात 'एमसीपी ८४१' नावाचे उपचाराचे वेळापत्रक सुरू केले. त्याआधी शंभरात वीसेक मुले वाचत. ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले आणि पुढे आणखी वाढले. याच टाटामध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा देऊन देशातले पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. अडवाणी स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असतात.

नवीन संशोधनही थांबलेले नाही. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला 'शिकवून' परत देण्याचा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला देशात मान्यता मिळाली. तूर्त ती १५ वर्षांपुढील रुग्णांसाठी आहे आणि खर्च लाखांत आहे. आजार उलटल्यावरचा हा उपाय आहे. पहिला, स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे ठरलेले औषध ठरलेल्या मुदतीपर्यंत घेणे.

मूल हरते कुठे?

टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास पाचातले एक मूल उपचार नाकारून किंवा अर्ध्यावर सोडून जात होते. औषध होते, डॉक्टर होते. नव्हते ते राहायला ठिकाण, जेवण आणि भाड्याला पैसे. रुग्णालयाने यासाठी वेगळी व्यवस्था उभी केली, तेव्हा हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. म्हणजे मूल वाचवण्यात औषधाइतकाच हात सोयीचा आहे. आणि सोय करणे गावाला जमते.

ही लक्षणे दिसली तर

न उतरणारा ताप, चेहरा पांढुरका पडणे, मार न लागता अंगावर निळे-लाल डाग, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, हाडे दुखून मूल चालायला नको म्हणणे, मानेत-काखेत गाठी. यातले काही दिसले तर आठ-पंधरा दिवस नुसत्या सलाइनवर काढू नका. 'सीबीसी' ही रक्ताची साधी तपासणी करून घ्या. अहवालात शंका आली तर थेट नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात जा. पक्के निदान अस्थिमज्जेच्या तपासणीने होते. मणक्यातून पाणी काढले की मूल अधू होते, ही भीती चुकीची आहे. हा आजार संसर्गजन्यही नाही. त्या मुलाबरोबर इतर मुलांनी खेळायला हरकत नाही. उलट जपायचे ते त्याला, कारण उपचार चालू असताना दुसऱ्याचा सर्दी-ताप त्याला महागात पडतो. अशा मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

घरच्या गोळ्यांबाबतही दक्ष राहा. मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. कॅलेंडरवर वार लिहून खूण करावी.

गावाने काय करावे

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, सोसायटीचे सचिव यांना विनंती. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड, आधार, दाखले यांसाठी त्या कुटुंबाला खेटे घालायला लावू नका, एका दिवसात कागद द्या. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत असते, ती मिळवून द्या. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रे आहेत. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात त्याची चौकशी करावी. मुलांना रक्त आणि प्लेटलेट वारंवार लागतात. गावच्या तरुण मंडळाने वर्षातून दोनदा रक्तदान शिबिर घेतले तर कुणाच्या तरी पोराला त्याचा उपयोग होईल.

आणि सावड विसरू नका. त्या दिंडोरीच्या घरी मी आजींना पाने टाकून द्यायला सांगितले, वडिलांना लव्हाळ्याचे उदाहरण दिले. ते ऐकून घेत होते, पण डोळे बागेकडे होते. अडचण बागेचीच होती. शेवटी भाऊबंद बसले. दोन एकरांची छाटणी आणि पेस्ट लावणे चौघांनी वाटून घेतले, आणि बाप-लेक ठरल्या तारखेला मुंबईच्या गाडीत बसले. मुलाचे अजून वर्षभराचे औषध बाकी आहे. पुढे काय होईल ते आज कोणी लिहून देऊ शकत नाही. पण तारीख चुकलेली नाही.

छाटणी चार दिवस पुढे-मागे झाली तर एक हंगाम थोडा हलका जातो. औषध मध्येच सुटले तर आजार परत येतो आणि दुसऱ्या वेळी तो सहजी हटत नाही. आपल्या गावात असे एखादे घर असेल तर आजच जाऊन विचारा, पुढची तारीख कधीची आहे आणि त्या दिवशी शेतावर कोण जाणार आहे.