मनोऱ्याखालचं पाणी आणि फळीचा पर

भाच्याचा फोन आला तेव्हा मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तो चेन्नईत नोकरीला असतो आणि शनिवार-रविवार कोवलमच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन जातो. (हे कोवलम महाबलीपुरमच्या वाटेवरचं, केरळातलं नव्हे.) जुनी नऊ फुटी लाँगबोर्ड त्याने नुकतीच विकत घेतली होती आणि तिच्या तळाला पर (फिन) कोणता लावावा यावर मित्रांत भांडण जुंपलं होतं.

"मामा, नऊ इंची एकच लावू, की मध्ये सात इंची आणि बाजूला दोन छोटे?"

"अरे, मी इथे मोडी वाचायला आलोय. मला काय विचारतोस?"

"तुम्हीच म्हणता ना, तंजावरात सगळं सापडतं!"

चेष्टाच होती. पण माणूस अशा चेष्टेने चिडतो आणि कामाला लागतो. दुसऱ्या दिवशी मी पट्टुकोट्टैमार्गे समुद्राकडे निघालो.

तंजावर म्हटलं की आपल्याला बृहदीश्वराचं शिखर, कावेरीकाठची भातशेती आणि सरफोजीराजांची पुस्तकं आठवतात. समुद्र आठवत नाही. पण व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास घेतलेलं हे राज्य किनाऱ्याचं राज्य होतं. शहरापासून साधारण 65 किलोमीटरवर सरभेंद्रराजपट्टणम् इथे दुसऱ्या सरफोजींनी 1814-15 मध्ये, नेपोलियनच्या पाडावाची आठवण म्हणून, आठ मजली षट्कोनी मनोरा बांधला. तमिळ माणसंही त्याला 'मनोरा'च म्हणतात. युरोपातल्या लढाईचं स्मारक कावेरीच्या मुलखात उभारणाऱ्या या राजाचं मला नेहमी हसू येतं आणि कौतुकही वाटतं. पण त्या दिवशी मनोऱ्याखाली उभा राहिलो आणि भाच्याचा प्रश्न इथे विचारायचा नाही, हे लगेच कळलं. समोर समुद्र होता, लाट नव्हती. ताटात ओतलेल्या सारासारखं पाणी निवांत पडलं होतं.

हा पाल्कचा उपसागर. पूर्वेला श्रीलंका, दक्षिणेला रामसेतूची वाळू, उत्तरेला कोडिक्करैचं टोक. खुल्या समुद्रातली लांब पल्ल्याची लाट इथवर येईपर्यंत तिचा दम संपतो. पाणी उथळ आणि तळाला समुद्री गवताची कुरणं. या कुरणांवर समुद्रगायी चरतात. तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांलगतचं 448 चौरस किलोमीटर पाणी तमिळनाडू सरकारने 2022 मध्ये त्यांच्यासाठी राखीव केलं. देशातलं समुद्रगायींसाठीचं हे पहिलंच संवर्धन राखीव क्षेत्र. समुद्रगायीचे पुढचे पर आखूड, रुंद, वल्ह्यासारखे असतात. तिला घाई नसते, गवतावर स्थिर राहायचं असतं. डॉल्फिनचा पाठीवरचा पर मात्र मागे झुकलेला आणि टोकाला निमुळता. पाणी एकच, पण ज्याचं जसं काम तसा त्याचा पर.

कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनो या अवलियाने 1960 च्या दशकात नेमकी हीच गोष्ट हेरली. त्याने डॉल्फिन आणि ट्यूनाच्या अंगावरचे पर निरखून, मुळाशी रुंद, टोकाला अरुंद आणि वाकणारा पर फायबरग्लासात घडवला. त्याआधीचे पर जाड आणि ताठर होते. पहिला पर तर त्याहून साधा: 1935 मध्ये टॉम ब्लेकने हवाईत एका टाकून दिलेल्या मोटरबोटीच्या तळाची पट्टी काढली आणि आपल्या फळीखाली बसवली. त्याआधी शतकानुशतकं हवाईची माणसं परावाचूनच लाटांवर उभी राहत होती. फळी वळवायला पाय पाण्यात सोडत.

आता तंजावरकडे परत येऊ, पण मनोऱ्याकडे नको. उत्तरेला तरंगंबाडीकडे जाऊ, कारण खरी लाट तिथे फुटते. गाणाऱ्या लाटांचं गाव, असा लोक त्याचा अर्थ सांगतात. तंजावरच्या रघुनाथ नायकाने 1620 मध्ये डेन्मार्कच्या लोकांना ही जागा वखारीसाठी दिली. पुढे मराठ्यांचं राज्य आलं तरी डेन तिथेच राहिले, आणि 1845 मध्ये त्यांनी ती इंग्रजांना विकली. सरफोजींचे गुरू, पाद्री श्वार्ट्झ इथल्याच मिशनमधून आले. तिथला मासिलामणिनाथाच्या देवळाचा बराचसा भाग समुद्राने गिळला आहे, यावरून लाटेच्या जोराची कल्पना यावी.

या लाटेतून रोज आत-बाहेर करणाऱ्या कोळ्यांचं वाहन म्हणजे कट्टुमरम्. कट्टु म्हणजे बांधणं, मरम् म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे ओंडके दोरीने आवळायचे. मधले थोडे खाली, कडेचे थोडे वर, पुढे नाकासारखं वळण. घरी परतलं की दोऱ्या सोडून ओंडके वाळूवर सुकत टाकायचे, कारण भिजलेलं लाकूड जड होतं. इंग्रज खलाशी विल्यम डॅम्पियरने 1697 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात कोरोमंडलच्या या तराफ्याचा नावानिशी उल्लेख केला आणि तो शब्द जगभर गेला. गेला, पण अर्थ बदलून: आज कॅटॅमरन म्हटलं की दोन सांगाड्यांची नाव डोळ्यांसमोर येते. गंमत अशी की तिला आधुनिक रूप देणाऱ्यांत लाटांवरचेच लोक होते. हवाईत 1947 मध्ये 'मनू काई' बांधणारा वुडी ब्राउन मुळात सर्फर, आणि 1960 च्या दशकाअखेरीस 'होबी कॅट' घरोघरी नेणारा होबी ऑल्टर आधी सर्फच्या फळ्या विकत असे. होबीच्या दुकानावर तमिळ शब्द लागला तो असा.

आमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र शब्दात नाही, एका फळीत आहे. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या होड्यांची बारकाईने नोंद केली. नागपट्टिणमच्या बाजूला उडत्या माशांच्या, म्हणजे कोल्याच्या शिकारीसाठी मोठं शिडाचं कोलामरम् असे. ओंडक्यांना खाली कणा नसतो, त्यामुळे शीड भरलं की तराफा वाऱ्याबरोबर बाजूला सरकतो. म्हणून कोळी एक फळी उभी पाण्यात सोडत. ती बाजूचं सरकणं अडवते. आणि किनाऱ्याची लाट आली की फळी वर ओढून घेत, कारण उथळ पाण्यात ती वाळूला लागली तर तराफा तोंडावर आपटेल. म्हणजे पर कायमचा चिकटवून ठेवायची वस्तूच नव्हे. खोल पाण्यात तो हवा, लाटेच्या तोंडाशी तो नको, आणि दोन्ही कामं एका माणसाने हाताने करायची.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोरच्या बाल्सा तराफ्यांवरही हीच युक्ती होती. थोर हेयरडालने 1953 मध्ये तिथे प्रयोग करून दाखवलं की नुसत्या फळ्या वर-खाली करून तराफ्याला दिशा देता येते. पुढची फळी खोल केली तर तोंड वाऱ्याकडे वळतं. मागची केली तर वाऱ्यापासून दूर. सुकाणू लागतच नाही. ज्यांनी लहानपणी पतंगाची कण्णी बांधली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. गाठ बोटभर वर-खाली झाली की तोच पतंग गिरक्या घेतो किंवा सुसाट जातो.

लाँगबोर्डच्या तळाला असलेली दहा-साडेदहा इंचांची खाच तशीच आहे. पर त्या खाचेत पुढे-मागे सरकतो आणि एका स्क्रूने आवळला जातो. मागे सारला तर फळी सरळ धावते, वळायला कुरकुरते. पुढे आणला तर शेपूट सैल होतं, वळणं सोपी जातात, पण वेगात पकड कमी होते. अर्धा इंच पुरतो. माझ्या मते लोक पर विकत घेण्यावर पैसे घालवतात आणि सरकवण्याचा फुकटचा प्रयोग करत नाहीत. पहिली चूक ही.

दुसरी गोष्ट उंचीची. फळीच्या दर फुटाला पराचा एक इंच, असा जाणत्यांचा ढोबळ हिशोब. नऊ फुटीला नऊ इंच. सरळ, रुंद, टोकाला गोल असा पर असेल तर फळीच्या नाकावर चालत जाऊन उभं राहता येतं, कारण तो मागे शेपूट धरून ठेवतो. मागे झुकलेला पर असेल तर लांब, मऊ वळणं मिळतात. बाजूला दोन छोटे पर (तीन-साडेचार इंचांचे) लावले तर मधला सहा ते आठ इंचांचा करायचा. अशी फळी अंगावर आलेल्या उभ्या लाटेवर बाजूने झुकली तरी सुटत नाही. पण छोटे पर पाणी अडवतात, आणि मंद लाटेवर फळी जरा रेंगाळते. मधल्या पराच्या दोन्ही बाजू सारख्या फुगीर असतात. बाजूच्यांची आतली सपाट, बाहेरची फुगीर, आणि त्यांचं तोंड किंचित आतल्या बाजूला. उलटे लावले की फळी ब्रेक लावल्यासारखी वागते. सायमन अँडरसनचे तीन सारखे पर 1981 मध्ये जगभर गाजले, पण ती आखूड फळीची गोष्ट.

कोवलमची लाट कशी? मे ते सप्टेंबर दक्षिणेकडून लांब पल्ल्याची, बहुतेक छातीपर्यंतची; ऑक्टोबरनंतर ईशान्य मोसमीत वाऱ्याने विस्कटलेली, आखूड. पहिली शांत असली तर एकच पर, नऊ इंची, सरळ ठेवणीचा, खाचेच्या मध्यापासून अर्धा इंच मागे. दुसऱ्या वेळी सात इंची आणि दोन छोटे. महाबलीपुरमला ऑगस्ट 2025 मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली, रमेश बुदिहाळला कांस्यपदक मिळालं, तेव्हापासून पोरं सगळीकडे तीन परच मागतात. ते ऐकू नये. तिथली लाट तिथली आणि रमेशचे पाय रमेशचे.

त्या कोलामरम्चं पुढे काय झालं? 2004 च्या त्सुनामीत नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसं गेली, आणि त्यानंतर किनाऱ्यावर ओंडक्यांऐवजी फायबरच्या बोटी आल्या. कोलामरम् आता सहसा दिसत नाही. त्याचा माग लागला तर कागदांतच लागेल: तंजावरचे मोडी कागद ढिगाने पडलेले आहेत. तमिळ विद्यापीठाने काहींची तमिळ भाषांतरं छापली. बंदर, जकात, नावा यांवरचे कागद मराठी वाचकासाठी कोणी वाचून काढील का, ही विनंती इथे करून ठेवतो.

भाच्याला मी रात्री फोन केला. "नऊ इंची लाव, मध्यापासून अर्धा इंच मागे. आणि मामाचं ऐक: स्क्रू एक जास्तीचा खिशात ठेव." पहिल्याच रविवारी त्याने पराचा स्क्रू वाळूत हरवला, जास्तीचा खिशात नव्हता. घरी आल्यावर त्याने पर फळीला सुतळीने बांधायचा प्रयत्न केला. जमलं नाही.