दोन इंच की सहा इंच?

पिकअप म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती भाजीच्या पाट्या किंवा सिमेंटची पोती वाहणारी गाडी. तिच्यातून कोणी कचेरीत जात नाही आणि लग्नाला तर नाहीच नाही! अमेरिकेत मात्र सारेच उलटे. येथे बँकेतला कारकून, शाळेचा मास्तर, दाताचा डॉक्टर असे सारे जण पिकअप चालवतात. फोर्ड कंपनीची ‘एफ’ मालिका १९७७ पासून या देशातला सर्वाधिक खपणारा पिकअप ट्रक आहे. यावरूनच या वाहनावर येथल्या लोकांचा किती जीव आहे ते कळावे.

जीव जडला की नटवणे ओघानेच आले. आपण नव्या सुनेला दागिने घालतो. अमेरिकन माणूस नव्या ट्रकची उंची वाढवतो. सेंट लुईस शहरातल्या बॉब चँडलर नावाच्या गृहस्थांनी आपला १९७४ सालचा फोर्ड एफ-२५० असाच वाढवत नेला. पुढे तो इतका उंच झाला की इतर मोटारी चिरडत त्यांवरून चालू लागला. तोच तो जगप्रसिद्ध ‘बिगफूट’.

आमचे बिऱ्हाड कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ आहे. दारात टोयोटाचा टॅकोमा ट्रक आहे. सोमवार ते शुक्रवार तो मला कचेरीत नेतो, शनिवारी सौ.ला बाजारहाट करवतो आणि सुटीत आम्हां सर्वांना डोंगरात घेऊन जातो. सॅन हुआन पर्वतराजीतल्या दगडगोट्यांच्या वाटांवर ट्रकचे पोट घासू लागले, तेव्हा उंची थोडी वाढवावी असे मलाच वाटू लागले. मी घरात विषय काढला मात्र, चिरंजीव उडालेच.

“बाबा, वाढवायचीच तर सहा इंच वाढवू या! दोन इंच कोणाला दिसणार सुद्धा नाहीत.”

“अहो, आणि सासूबाईंनी आत कसं चढायचं? शिडी लावून?” सौ.ने विचारले.

आई दर उन्हाळ्यात पुण्याहून चार-पाच महिने आमच्याकडे येते. तिचे गुडघे आता तिचे ऐकत नाहीत. शिवाय आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे. येथे पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो आणि सोळाव्या वर्षी मुलगा एकटा गाडी काढू शकतो. म्हणजे वर्षभरात हेच चाक त्याच्या हाती जाणार होते. तेव्हा प्रश्न नुसत्या हौसेचा उरला नाही. मी महिनाभर त्याचा कसून अभ्यास केला. त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो.

उंची येते कोठून?

ट्रक उंच करण्याच्या तऱ्हा अनेक. पहिली म्हणजे ‘बॉडी लिफ्ट’. हिच्यात चासी आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये ठोकळे बसवतात. मोठी चाके मावतात, पण चासी जागची हलत नाही. पोट घासायचे ते घासतेच.

दुसरी ‘स्पेसर’ची. पुढच्या स्प्रिंगवर धातूची जाड चकती बसवायची. एक इंचाची चकती चाकापाशी सुमारे दोन इंच उंची देते, कारण स्प्रिंग चाकावर उभी नसून चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या मधोमध टेकलेली असते. काम शेदोनशे डॉलरांच्या सामानात होते. बहुतेक पिकअप कारखान्यातूनच पुढे किंचित खाली झुकलेले असतात. मागे ओझे आले की सपाट व्हावेत म्हणून. तेवढा झोक काढण्यापुरती ही चकती ठीक. परंतु स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच राहतात, आणि खड्ड्यात चाक खाली लोंबले की सांध्यांवर ताण येतो.

तिसरी तऱ्हा पुरी स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलण्याची. पुढे नव्या मापाच्या स्प्रिंगा, मागे नवे कमानपाटे. खर्च हजार डॉलरांच्या पुढे जातो, पण ट्रकचे वजन आणि त्याची स्प्रिंग यांचे लग्न नीट जमते.

चौथी चार ते सहा इंचांची. येथे नुसत्या स्प्रिंगांनी भागत नाही. चाके धरणारे दांडे, पुढचा डिफरन्शियल, हे सगळे नवे कंस बसवून खाली आणावे लागते. नाही तर चाकांना शक्ती देणारा अ‍ॅक्सल तिरपा होऊन त्याचे सांधे आणि रबरी टोप्या लवकर फाटतात. खर्च कित्येक हजारांत. मूळ रचनेलाच हात लागतो तो येथे.

काय वाढते, काय नाही

येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. टॅकोमासारख्या ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल हा एक अखंड दांडा. स्प्रिंगा कितीही उंच करा, त्याच्या मधला गोळा जमिनीपासून तेवढ्याच अंतरावर राहतो. तो उचलतो फक्त टायर, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्म्याने. आमचे मूळचे टायर ३०.६ इंच व्यासाचे. त्यांच्या जागी ३२.७ इंचांचे घातले तर मागे जेमतेम एक इंच पदरात पडतो. उलट वेगाचा काटा फसवू लागतो. तो ताशी ६० मैल दाखवील तेव्हा ट्रक ६४ मैलांनी धावत असेल. पोलिसापुढे काट्याची साक्ष चालत नाही! जड टायरांनी पेट्रोल अधिक जाते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही वेळ लागतो.

आता मुख्य गोष्ट. उंच घागर लवकर कलंडते हे आपल्या आयाबायांना पदार्थविज्ञान न शिकता ठाऊक आहे. अमेरिकेचे वाहन-सुरक्षा खाते हेच आकड्यांत मांडते. दोन चाकांमधल्या अंतराचा निम्मा घ्यायचा आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. उत्तर जितके मोठे, तितकी गाडी उलटण्यास अवघड.

हा हिशेब मी चिरंजीवांनाच घालून दिला. समजा, अंतराचा निम्मा ३२ इंच आणि गुरुत्वमध्य २८ इंचांवर. उत्तर आले १.१४. दोन इंच चढवले तर १.०७. सहा इंचांच्या सामानाने अन् मोठ्या टायरांनी गुरुत्वमध्य पाच इंच वर गेला असे धरले तर ०.९७. पेन्सिल खाली ठेवून तो जरा वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “बाबा, बर्फातल्या वळणावर हा फरक जाणवेल का हो?” मी म्हटले, “तेथेच तर जाणवायचा.”

घरातली मापे

सामान निवडताना मी आणखी एक पथ्य पाळले. दुकानात जाण्याआधी घरातली मापे घेतली. गॅरेजचे दार सात फुटी, म्हणजे ८४ इंच; ट्रक सुमारे ७१ इंच. घरी अडचण नव्हती. पण शहरातल्या मजली पार्किंगांत छत याहून ठेंगणे असते, तेही मोजले. मग आईची पायरी. दोन इंचांनी ती चढेल, बाजूला पायफळी लावली तर आणखी सुखाने. शेवटी नाकाचे माप. ट्रकचे नाक जितके उंच, तितके त्याच्यासमोरचे लहान मूल कमी दिसते. आमच्या गल्लीत सायकली फिरवणारी पुष्कळ पोरे आहेत. ते माप मी दोनदा घेतले.

ओझ्याचाही विचार हवा. दुकानदार विचारतो, “मागे कायमचे किती वजन असते?” जड ओझ्यासाठी बनवलेले कमानपाटे रिकाम्या ट्रकला लावले तर रोजचा प्रवास बैलगाडीचा होतो. आमच्या ट्रकमध्ये कायमचे ओझे म्हणजे सौ.च्या दोन पिशव्या. म्हणून हलके पाटे घेतले.

कायद्याचे दोन शब्द

उंचीचे नियम येथे राज्याराज्यांत वेगळे. नॉर्थ कॅरोलायनात नाक वर आणि शेपूट खाली अशा ट्रकांची टूम निघाली होती. डिसेंबर २०२१ पासून तेथे तिला बंदी आहे. बाहेरचे सामान लावले एवढ्याच कारणाने कंपनीला सारी हमी रद्द करता येत नाही, असा १९७५ चा कायदा आहे. परंतु त्या सामानामुळेच बिघाड झाला, तर त्या दुरुस्तीचा खर्च आपल्या बोकांडी.

आपल्या देशात हिलक्स किंवा व्ही-क्रॉस बाळगणाऱ्या हौशी वाचकांनी मात्र जपावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे.

काय घेतले?

पुढे दोन इंच आणि मागे एक. नव्या स्प्रिंगा, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हलके पाटे. टायरांचे माप मूळचेच ठेवले, मात्र बर्फात पकड धरणाऱ्या जातीचे घेतले. सहा इंचांच्या तुलनेत वाचलेल्या पैशांत टायर तर आलेच, वर आईची पायफळीही बसली.

बसवणे कसबी माणसाकडेच सोपवावे. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. काम झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, दिव्यांचा रोख खाली उतरवावा, नाही तर समोरच्याचे डोळे दिपतात. नव्या ट्रकांत काचेमागे कॅमेरा आणि नाकात रडार असते, त्यांचीही फेरजुळणी लागेल का ते विचारावे. पाचशे मैलांनंतर सारे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

सामानाच्या खोक्यांवर इंच मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. पण ट्रकमध्ये रोज कोण चढणार, कोण चालवणार आणि त्याच्यासमोरून कोण रस्ता ओलांडणार, हे कोणत्याच खोक्यावर लिहिलेले नसते. ते घरच्यांना विचारावे, आणि मगच इंच ठरवावेत.