उंदराचा मधुमेह आणि काकांचा मधुमेह

गेल्या पावसाळ्यात टोंकखुर्दच्या माझ्या दवाखान्यात आमच्या समाजातील एक वयोवृद्ध काका आले. रक्तशर्करा ४१२. तीन आठवड्यांपासून गोळ्या बंद करून त्यांनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल सुरू केल्या होत्या. खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून म्हणाले, "अरे, उंदराचा मधुमेह बरा होतो, मग माझा का नाही?" प्रश्न रास्त होता.

प्रयोगशाळेतील उंदराला मधुमेह बहुधा मुद्दाम घडवावा लागतो. त्यासाठी ॲलोक्सन किंवा स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. पहिल्याचा हा गुण १९४३ मध्ये सशांवरील प्रयोगांत ध्यानात आला, दुसऱ्याचा १९६३ मध्ये. दोन्ही रसायने ग्लूट-२ या वाहकामार्फत स्वादुपिंडाच्या बीटा पेशींत शिरतात. ॲलोक्सन तेथे मुक्त मूलकांचा भडका उडविते. स्ट्रेप्टोझोटोसिन मुख्यतः डीएनए तोडते, पण त्यातही मुक्त मूलकांचा वाटा असतो. मानवी बीटा पेशींत हा वाहक फार थोडा असल्याने त्या या विषांना सहसा दाद देत नाहीत.

खरी मेख पुढेच आहे. अँटिऑक्सिडंट जर विषाच्या आधी दिले, तर ते विषाचाच जोर मोडते. पेशी वाचतात, साखर वाढत नाही. हा मधुमेहावरील उपचार नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे व सहकाऱ्यांनी उंदरांची स्वादुपिंडातील पेशीद्वीपे वेगळी काढून त्यांना प्रथम हळदीतील कर्क्युमिन दिले व मग स्ट्रेप्टोझोटोसिन; पेशींची हानी टळली. २००७ च्या त्या निबंधाच्या शीर्षकातच लेखकांनी 'प्रतिबंधक व संरक्षक' या अर्थाचे शब्द योजले आहेत. हा प्रामाणिकपणा कात्रणात उतरत नाही.

मधुमेह जडल्यावर काय होते? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत मधुमेही उंदरांना आठ आठवडे ०.५ टक्के कर्क्युमिन आहारातून दिले. मूत्रातील अल्ब्युमिन घटले. उपाशीपोटीची साखर मात्र होती तेथेच राहिली. (१९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. इतर काही प्रयोगांत साखर उतरलीही आहे.) म्हणून असे कात्रण हाती आले की मी प्रथम पाहतो, औषध आधी दिले होते की नंतर?

माणसांचा अनुभव संमिश्र आहे. मायक्रो-होप अभ्यासात ३,६५४ मधुमेहींना ई-जीवनसत्त्व अथवा निष्क्रिय गोळी सुमारे साडेचार वर्षे दिली. हृदय वा मूत्रपिंड, कशालाच लाभ दिसला नाही. उलट, पुण्यातील २०२२ च्या एका अभ्यासात ग्लुटाथायोन सहा महिने घेतलेल्या पंचावन्नपुढील रुग्णांचे एचबीएवनसी सुधारले. मात्र ते नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिले होते, त्यांच्या जागी नव्हे.

काकांना एवढेच सांगितले, "काका, त्या उंदराला औषध आधी मिळाले, मधुमेह नंतर टोचला. तुमचा मधुमेह अठरा वर्षांचा आहे." ते बराच वेळ गप्प राहिले. गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभराने साखर १७० वर आली. कॅप्सूलची बाटली मात्र अजून त्यांच्या कोनाड्यात आहे, असे काकूंकडून कळते.