थेंबे थेंबे इंधन वाचे

चोडण किंवा दिवाडी बेटावर जाण्यासाठी सकाळच्या वेळी धक्क्यावर उभे राहिल्यास एक दृश्य हमखास दिसते. फेरीबोट अद्याप पैलतीरावर असते. तथापि ऐलतीरावरील रांगेतील काही वाहनांची इंजिने सुरूच असतात. वाहन जागचे हलत नाही, टाकीतील इंधन मात्र जळत राहते.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाचे उत्पादन घटविले आणि काही महिन्यांतच खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. इंधनाची काटकसर ही राष्ट्रीय गरज आहे, याची जाणीव तेव्हा प्रकर्षाने झाली. आजही देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. परंतु हा प्रश्न केवळ राष्ट्राच्या तिजोरीचा नाही. तो घरखर्चाचाही आहे.

उदाहरणार्थ, एखादे शिक्षक स्कूटरवरून रोज ३० किलोमीटर व महिन्यातील २५ दिवस प्रवास करतात असे समजू. हा प्रवास ७५० किलोमीटरचा होतो. स्कूटर लिटरला ५० किलोमीटर धावत असल्यास १५ लिटर पेट्रोल लागते. निष्काळजीपणामुळे हेच प्रमाण ४० वर आले, तर पावणेएकोणीस लिटर लागते. लिटरचा दर १०० रुपये धरला, तरी वर्षाकाठी ४,५०० रुपये वाया जातात.

वेग व थांबा

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडण्यासाठी अधिक इंधन खर्ची पडते. यास्तव ताशी ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग काटकसरीचा मानला जातो. क्षणात वेग वाढविणे व क्षणात ब्रेक दाबणे टाळावे. क्लचवर पाय ठेवून वाहन चालवू नये. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन या संस्थेच्या सल्ल्यानुसार १४ सेकंदांहून अधिक काळ थांबावयाचे असल्यास इंजिन बंद करणे हिताचे ठरते. फेरीबोटीची प्रतीक्षा तर कित्येक मिनिटांची असते.

देखभाल

टायरमध्ये हवा कमी असल्यास चाक रस्त्याला अधिक चिकटते, इंजिनावरील भार वाढतो व टायरही लवकर झिजतो. निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात, टायर थंड असताना हवा भरून घ्यावी. तांबड्या मातीच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या वाहनांचा एअर फिल्टर वेळोवेळी साफ करावा अथवा बदलावा. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत तो तुंबल्यास पेट्रोल विशेष जळते.

एक घातक समजूत

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना इंजिन बंद केल्यास अथवा गाडी न्यूट्रलमध्ये टाकल्यास इंधन वाचते, अशी समजूत रूढ आहे. ती प्राणघातक ठरू शकते. असे केल्याने वेगाला आवर घालणारा इंजिनाचा रोध नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो व ते तापून निकामी होण्याचा धोका संभवतो. शिवाय इंधन अंतःक्षेपणाची यंत्रणा असलेल्या आजच्या वाहनांत, गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधनाचा पुरवठा बहुधा आपोआपच थांबतो. म्हणजे जिवावर उदार होऊनही हाती काही लागत नाही.

सहप्रवास

एकाच शाळेत वा कचेरीत जाणाऱ्या दोघांनी शिरस्त्राण घालून एकाच स्कूटरवरून प्रवास केल्यास प्रत्येकाचा खर्च जवळजवळ निम्मा होतो. शक्य तेथे कदंबच्या बसने जाणे हा तर सर्वांत सोपा मार्ग होय.

यांतील बऱ्याच उपायांना पैसा लागत नाही. लागते ती केवळ सवय. शिक्षकांनी हा हिशेब वर्गातील फळ्यावर मांडावा, अधिकाऱ्यांनी कचेरीच्या वाहनापासून आरंभ करावा आणि ग्रामस्थांनी फेरीच्या धक्क्यावर पोहोचताच प्रथम किल्ली फिरवावी.